रकान्यात न मावलेली माय

नाशिकच्या सिडकोतल्या एका घरात आजींना मी मातृभाषा विचारली. "मराठी, दुसरी कोणती असणार?" एवढ्यात सटाण्याहून बहिणीचा फोन आला आणि आजी पलंगावर मांडी घालून सुरू झाल्या, "काय करी राह्यनी वं बहीन?" पुढची दहा मिनिटं घरात फक्त अहिराणी होती. फोन ठेवला आणि पुन्हा माझ्याशी मराठी. सून हसून म्हणाली, "पोरासमोर ते बोलू नका म्हणतो आम्ही. शाळेत हसतात त्याला."

घरोघरच्या भाषा मोजणं हे माझं काम. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. व्याख्या चोख आहे. पण उत्तर माणूस देतो, आणि तो समोर कोण बसलंय ते बघून देतो. अहिराणी ज्या 'खान्देशी' गटात मोजतात, त्याचे देशभरातले भाषक 1991 साली 9.74 लाख होते, 2001 साली 20.75 लाख झाले आणि 2011 साली 18.60 लाखांवर आले. दहा वर्षांत दुप्पट होण्याइतके पाळणे काही बागलाण-धुळ्यात हलले नव्हते. बदललं ते उत्तर, नाहीतर उत्तरांची वर्गवारी. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने तर शंभरेक वर्षांपूर्वी खान्देशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ल बोलींसोबत ठेवलं होतं. ती मराठीचीच बोली की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि आजींना त्याचं सोयरसुतक नाही.

इंग्रजीचा घोळ याच्या उलट. घरची भाषा लोक लपवतात, इंग्रजी फुगवतात. बायका मात्र तीही लपवतात. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा जनगणना नोंदवते, पण किती येतात ते विचारत नाही. अमेरिकेच्या जनगणनेत 1980 पासून 'खूप चांगलं' ते 'अजिबात नाही' असे चार पर्याय होते. तेही स्वतःच स्वतःला दिलेले गुण, म्हणून मी कागद पुढे करतो: औषधाची पट्टी, बँकेचा फॉर्म.

याच घरातली सून अंबडच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. "इंग्रजी? छे!" म्हणाली. मग पट्टीवरची मुदत, मात्रा, 'जेवणानंतर' सगळं वाचून दाखवलं. ड्रॉइंगवरचं टॉलरन्स तर ती रोज वाचते. इंग्रजी माध्यमातला नववीतला मुलगा "फ्लुएंट" म्हणाला. त्याला म्हटलं, पाहुणा द्वारका चौकात उभा आहे, त्याला घरापर्यंतचा रस्ता इंग्रजीत सांग. "टेक लेफ्ट..." इथवर आला आणि आईकडे बघू लागला.

नियमाप्रमाणे सांगितलं तेच लिहायचं असतं. आजींपुढे 'मराठी' लिहिलं, सुनेपुढे इंग्रजीला फुली, मुलापुढे बरोबरची खूण. समासात मात्र पेन्सिलीने 'अहि.' लिहून ठेवलं. निघताना आजींना "येऊ का?" म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "चहा न पिता कथा जाई राह्यना?"