कळवतो

एका रविवारी सकाळी मी डेटिंग अ‍ॅपवरचे अर्धवट राहिलेले संवाद मोजले. एक्केचाळीस निघाले. त्यातल्या सव्वीसांत शेवटचा निरोप समोरच्याचा होता. कोणी विचारलं होतं, ‘आज क्लिनिकला सुट्टी का?’ कोणी वेताळ टेकडीवरून काढलेला सकाळचा फोटो पाठवला होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे वाचून एकाने वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोणते व्यायाम करावेत ते विचारलं होतं. त्यालाही मी उत्तर दिलं नव्हतं. आणि गेले दहा दिवस मी मैत्रिणीपुढे रडत होते ते कशासाठी, तर एका मुलाने तीन आठवडे रोज बोलून एकाएकी बोलणं बंद केलं म्हणून.

मी मूळची कऱ्हाडची. नोकरीसाठी पुण्यात आले, कोथरूडला राहते. त्याआधीची तीन वर्षं वधूवर मंडळात आणि विवाहाच्या वेबसाइटवर माझा बायोडेटा फिरत होता. उंची, वर्ण, रास, नाडी, पगार. ‘अपेक्षा’ या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं : निर्व्यसनी, उच्चशिक्षित, पुण्यात स्वतःचं घर. मला काय हवं हे कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर कोणी विचारलं असतं तरी मला ते सांगता आलं नसतं.

एकतिसाव्या वर्षी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी अ‍ॅप घेतलं. २०१२ साली टिंडर आलं आणि पसंत असेल तर फोटो उजवीकडे, नसेल तर डावीकडे सरकवायची पद्धत जगभर रुळली. बम्बल भारतात आलं २०१८ मध्ये. मुलगा-मुलगी जुळले तर पहिला निरोप मुलीने लिहायचा, असा त्याचा नियम होता. मला तो फार मोलाचा वाटला. कांदेपोह्यांच्या बैठकीत पहिला प्रश्न कायम समोरून यायचा. इथे सुरुवात माझ्या हातात होती, आणि मध्ये काका, मावशी, मध्यस्थ कोणी नव्हतं.

पण पहिल्या चार महिन्यांत मी त्या मोकळेपणाचं चीज केलं नाही. रात्री जेवण झालं की अंगठा सुरू व्हायचा तो साडेबारा-एकपर्यंत. आम्हाला कॉलेजात मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात स्किनरचे कबुतरांवरचे प्रयोग होते. टोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरलं की थांबतं. दाणा कधी मिळेल, कधी नाही, याचा नेमच नसला, तर ते टोच मारतच राहतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी पुढचा फोटो कोणाचा, या ओढीने मी झोप घालवत होते. कोणाशी जुळलं की क्षणभर बरं वाटायचं, चार वाक्यं व्हायची आणि मी पुढे सरकायचे. मागे राहिलेला माणूस यादीत खाली खाली जायचा.

मग जुलैत तो मुलगा भेटला. रोज रात्री बोलणं, पाऊस थांबला की सिंहगडावर जायचा बेत. एका गुरुवारपासून त्याचं उत्तर येणं थांबलं. स्थळ असतं तर मध्यस्थाला विचारता आलं असतं. इथे कोणाला विचारणार? माझं काय चुकलं हे शोधत मी आमचं सगळं बोलणं पुन्हा पुन्हा वाचत बसले.

शेवटी आईला फोन केला. वाटलं होतं ती म्हणेल, बंद कर ते अ‍ॅप. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. बाबांच्या आधी तिला तीन स्थळं बघून गेली होती. तिन्ही मंडळी उठताना ‘कळवतो’ म्हणाली. एका घरून पंधरा दिवसांनी कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही. उरलेल्या दोन घरांनी काहीच कळवलं नाही. ‘पोस्टमन यायच्या वेळेला मी काहीतरी काम काढून ओट्यावर बसायची,’ ती म्हणाली. ‘दोन महिने. नकाराचं एवढं काही नव्हतं गं. पण आपलं काय झालं तेच कळत नाही ना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते संवाद मोजले. सव्वीस माणसांना मी ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन संध्याकाळी लागल्या. आमचं बरंचसं बोलणं इंग्रजीत झालेलं, आणि इंग्रजीत नकाराची ठरीव वाक्यं तयार मिळतात. ती पाठवायला सोपी, पण ती कोणालाही लागू पडतात, त्यामुळे खरं तर कोणालाच उद्देशून नसतात. मराठी कळणाऱ्यांना मी मराठीत लिहायला बसले, तर पहिल्याच शब्दाला अडले. तू म्हणू की तुम्ही? इंग्रजीने हा प्रश्न कधी पडूच दिला नव्हता. शेवटी ‘तुम्ही’ लिहिलं, आणि ते लिहिल्याबरोबर समोर माणूस उभा राहिला. ‘तुमच्याशी बोलून बरं वाटलं. पण लग्नाच्या दृष्टीने आपलं जुळेल असं मला वाटत नाही. उत्तर द्यायला उशीर केला, त्याबद्दल माफ करा.’ चौदा जणांनी उलट काही लिहिलं नाही. एकजण रागावला, आणि त्याचा राग रास्त होता. ज्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं त्याला मी लिहिलं, की व्यायाम त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्यानेच सांगायला हवेत, आणि तपासणाऱ्याला काय काय विचारायचं तेही लिहून दिलं. त्याचं उत्तर आलं, ‘बाबा आता जिना चढतात.’

त्यानंतर मी सहा आठवडे थांबले. फोनवरून अ‍ॅप नुसतं काढून टाकलं तर खातं तसंच राहतं आणि आपण लोकांना दिसत राहतो, हे तेव्हा कळलं. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं थांबवलं, मग अ‍ॅप काढलं.

त्या सुट्टीत एका कागदावर मी बाबांनी लिहिलेला ‘अपेक्षा’चा रकाना स्वतः भरला. मला लग्न करायचं आहे, दोनेक वर्षांत. क्लिनिक सोडणार नाही. भाऊ नाही, त्यामुळे आई-बाबांच्या म्हातारपणाची जबाबदारी माझी. मुलाबाळांचं अजून ठरलेलं नाही, ते दोघांनी मिळून ठरवावं. जात पाहणार नाही. कागद भरायला तीन दिवस लागले. परत आले तेव्हा मी हिंज निवडलं, कारण तिथे फोटोंबरोबर प्रश्नांची उत्तरंही लिहायची असतात. ते अ‍ॅप आपली जाहिरातच अशी करतं, की हे काढून टाकण्यासाठी बनवलं आहे. कागदावरच्या पहिल्या तीन गोष्टी मी तिथे स्पष्ट लिहिल्या. पसंत करणाऱ्यांची संख्या एकदम घटली. जे उरले ते वाचून आले होते.

मग काही नेम घातले आणि पाळले. बुधवारी आणि रविवारी अर्धा तास, बाकी सूचना बंद. एका वेळी तीन माणसांशीच बोलणं, चौथ्याशी सुरू करायचं तर आधीच्या एकाला काय ते सांगून. आठवडाभर लिहून बोललो की व्हिडिओ कॉल, आणि जमतंय असं वाटलं तर पंधरा दिवसांच्या आत भेट. महिनोन्‌महिने लिहीत राहिलं की आपण मनातच एक माणूस रचतो, आणि येणारा माणूस त्याच्यासारखा नसतो. भेट दिवसा, वर्दळीच्या जागी, जाणं-येणं आपापलं, आणि मैत्रिणीच्या फोनवर माझं लोकेशन सुरू. पैशांचा विषय निघाला की संवाद तिथेच संपला. परदेशात इंजिनीअर असल्याचं सांगणाऱ्या एकाने मला भेटवस्तू पाठवली आणि ती कस्टममध्ये अडकली, सोडवायला शुल्क भर, असं सांगितलं. व्हिडिओ कॉलला तो दरवेळी काहीतरी कारण काढत होता, म्हणून मी आधीच सावध होते. अ‍ॅपवर त्याची तक्रार केली. पैसे गेलेच असतील, तर लाजेपायी गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हे मी आता ओळखीच्या प्रत्येक मुलीला आवर्जून सांगते.

चौदा महिन्यांत मी अकरा जणांना भेटले. अ‍ॅपवर नुसतं नाव दिसतं, म्हणून एकाचा दुसराच प्रश्न होता, आडनाव काय? का विचारताय, असं मी विचारलं, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, घरी चालणार नाही. आम्ही चहा संपवून उठलो. एकजण कमला नेहरू पार्कच्या बाकावर बसून दीड तास फक्त मोडलेल्या साखरपुड्याबद्दल बोलला. त्याला बायकोपेक्षा आधी ऐकणारं कोणीतरी हवं होतं. मी त्याला समुपदेशकाकडे जायला सुचवलं, तो गेला. अकराही जणांना मी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या आत काय ते लिहिलं. होकार असेल तर होकार, नकार असेल तर नकार, ठरत नसेल तर ‘आणखी एकदा भेटू या का?’

त्यांपैकी एकजण मला मनापासून आवडला होता. तीनदा भेटलो. तिसऱ्या भेटीनंतर नळ स्टॉपच्या मेट्रो स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो, तेव्हा मी मनात बरंच पुढचं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला. मी रडले, अर्धा दिवस कामात लक्ष लागलं नाही. पण जुलैसारखं जुनं बोलणं उकरत बसले नाही, कारण शोधण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. रात्री झोप लागली.

माझं लग्न अजून ठरलेलं नाही. बुधवार आणि रविवारचा अर्धा तास चालू आहे. दिवाळीत आई पुण्याला आली होती. करंज्या तळताना तिने त्या मुलाचं विचारलं, तेव्हा मी फोन काढून त्याचा निरोप तिला वाचून दाखवला. तीन भेटींत त्याला काय आवडलं, पण आयुष्यभराच्या सोबतीची खात्री त्याला का वाटत नाही, आणि हे मला वाट बघायला न लावता सांगावं असं त्याला का वाटलं, एवढंच त्यात होतं. आईने झारा कढईत ठेवला.

‘मुलगा चांगला होता,’ ती म्हणाली.

‘नाही म्हणालाय गं तो.’

‘हो. पण कळवलं त्याने.’