चंद्रपूरच्या वाटेवरचे चाकांचे घर

ऑक्टोबर जवळ आला की गडचिरोली, चामोर्शी, सावली, मूल या भागातल्या बौद्ध वस्त्यांत एकच बोलणे सुरू होते : यंदा चंद्रपूरला कशाने जायचे? १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर मुक्काम करायचा तर नुसते पोचून भागत नाही. म्हातारी माणसे, लेकरे, अंथरूण, भाकरीचे गाठोडे, सारेच बरोबर असते.

आमच्या घरी यंदा हा वाद भाच्याने पेटविला. तो वेल्डिंगच्या कामावर जातो. मोबाईलवर त्याने एक चित्र दाखविले. मोटारीमागे जोडायचा चिमुकला ट्रेलर, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा. आत दोघांपुरती गादी. मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोक असे ट्रेलर घरच्या घरी बांधू लागले होते. "मामा, आपण बनवू," तो म्हणाला.

मायने चष्मा पुसून चित्र पाहिले. म्हणाली, "हे तं आपलं खासर होय."

१९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. त्या सोहळ्यासाठी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे झटले होते. माय तेव्हा पाच-सहा वर्षांची. आजोबांनी घरची बंडी तशीच ठेवून शेजाऱ्याचे खासर मागून आणले. बंडी धानाची आणि शेणखताची. जड, बैलांना दमविणारी. खासर अरुंद, हलके, माणसांसाठीच केलेले. तळाशी गेल्या सालचे तणस, त्यावर गोधडी, वर बांबूच्या तट्ट्याचे छप्पर, खाली टांगलेला कंदील. मुक्कामाला बैल सोडले की बायका-लेकरे आत, पुरुष खाली, आणि बाजूला तीन दगडांची चूल. झोपायचे आत, रांधायचे बाहेर. अमेरिकेतल्या ट्रेलरची रीत वेगळी ती काय?

पण भाच्याला मी दोन गोष्टी विचारल्या. पहिली वजनाची. हा ट्रेलर हलका म्हणून नावाजलेला. पण वेल्डिंगवाला माणूस भीतीपोटी लोखंड घालत जातो, आणि शेवटी लहान मोटारीला घाटी चढताना धाप लागते. दुसरी तोल. खासरात ओझे चाकामागे गेले की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर हवा, नाही तर वेगात मागचा भाग शेपटीसारखा हलू लागतो. म्हणून जड भांडी, पाण्याची कॅन चाकाजवळ ठेवावी. शिवाय ट्रेलरची नोंदणी करावी लागते, आणि तो चालत असताना आत माणूस बसवायचा नाही.

"मंग मी कुठं बसू?" मायने विचारले. तिथेच निम्मा वाद संपला. आम्ही सात जण. ट्रेलरमध्ये झोपणार दोघे.

गल्लीतल्या मंडळींचा बेत ट्रॅक्टर-ट्रॉलीचा होता. माणशी पैसे थोडे लागतात, सारे एकत्र गाणी म्हणत जातात, हे खरे. मला तरी ते पटत नाही. ट्रॉली मालासाठी असते. वळणावर उलटली तर धरायला काही नाही, आणि म्हातारे माणूस तीत चढवायचे म्हणजे दोघांनी उचलायचे. गरिबाने स्वस्तात जावे, पण लेकरांचा जीव स्वस्त करू नये.

शेवटी भाड्याची बंद जीप ठरली. सीट तेवढीच माणसे. बरोबर ताडपत्री, दोन मच्छरदाण्या (आपल्या भागात मलेरिया आहे, हे विसरू नये), स्टोव्ह आणि मायची गोधडी. गडचिरोलीहून चंद्रपूर सुमारे ८० किलोमीटर. मूलच्या पुढे रस्ता जंगलातून जातो, ताडोबाचे वाघ त्या बाजूने फिरतात. तिथे चहाला किंवा लघवीलाही गाडी थांबवायची नाही. म्हणून १५ तारखेला उजेडीच निघायचे, असे मायने ठरविले आहे. खासर असतानाही ते त्या जंगलात रात्री चालत नसत.

भाचा मात्र हिरमुसला नाही. गावात एक जुने खासर गोठ्यामागे पडून आहे. रविवारी तो टेप घेऊन त्याचे माप घ्यायला गेला. दोन चाकांमधले अंतर त्याने वहीत दोनदा लिहिले आहे.