कृष्णाकाठची खानावळ

सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे कृष्णामाईचीच. महाबळेश्वराहून निघालेली ही नदी साताऱ्याजवळ संगम माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास कोयनेला पोटात घेते आणि सांगलीच्या घाटास लागेतो चांगली भारदस्त होते. या दोन गावांमधील आमचे जाणेयेणे कित्येक वर्षांचे आहे. साताऱ्यास अजिंक्यतारा व सांगलीस गणपती पाहावा, हे खरेच. परंतु दुपारी बाराचे ठोके पडले म्हणजे जेवावे कोठे, या प्रश्नापुढे किल्ला व देऊळ दोन्ही मागे पडतात. साताऱ्याचे कंदी पेढे व सांगलीचे भडंग यांची कीर्ती मोठी खरी, पण ते घरच्या मंडळींकरिता न्यावयाचे जिन्नस. त्यांनी पोट भरत नाही.

सांगलीस पेठेच्या अंगाला एक लहानशी खानावळ आहे. सहा बाके, भिंतीवर एक फळा व त्यावर खडूने लिहिलेला त्या दिवसाचा बेत. वरणभात, आमटी, दोन भाज्या, कोशिंबीर, गरम पोळ्या आणि शेवटी ताक. हिवाळ्यात कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी. यात अपूर्व असे काहीच नाही. पण इतक्या वर्षांत तेथील आमटी एकदाही पातळ झाली नाही, की पोळी गार वाढली गेली नाही. रोज चांगले करणे हे एके दिवशी उत्तम करण्याहून कठीण असते, हे ज्यांच्या घरी वीस पाने मांडली जातात त्या गृहिणींस सांगावयास नको.

‘अतिथी’ म्हणजे ज्यास तिथी नाही तो, अशी या शब्दाची फोड जुने पंडित करीत आले आहेत. आम्ही तर ठरल्या वेळी हजर होणारे. तेव्हा अतिथी नव्हे. दाम मोजून जेवणारे. तेव्हा आप्तही नव्हे. या मधल्या नात्यास शास्त्रात नाव नाही. खानावळवाल्यांनी मात्र ते शोधून काढले आहे. आम्हांस पाहताच ते आत हाक देतात, “नेहमीचे आले हो!” या एका शब्दात आम्हांस पुरेसे आदरातिथ्य वाटते.

आमच्या वाडवडिलांस असले अन्न वर्ज्य होते. 1890 साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, आणि लोकमान्यांसही प्रायश्चित्त घ्यावे लागले! पुढे 1924 साली साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवून एका पंगतीत जेवू घातले. 1927 साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव दिले. आज आमच्या बाकावर हळदीच्या पेठेतील हमाल, वकील आणि कॉलेजातील विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात, आणि कोणी कोणास कूळ विचारीत नाही. जी पंगत आमच्या वडिलांच्या घरी कधी बसली नाही, ती येथे रोज बसते.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांपर्यंत चढले. तेथील धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. पेठ बुडाली, खानावळही बुडाली. धान्य गेले, भट्टी गेली, बाके वाहिली. काही महिन्यांनी आम्ही गेलो, तो भिंती नव्याने रंगविलेल्या होत्या, परंतु पुराची रेघ तेवढी न पुसता ठेवली होती. “पाणी इथवर होते,” एवढेच मालक बोलले, आणि पान मांडले. आमटी तीच होती. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा पेठेत शिरले, आणि खानावळ पुन्हा उघडली.

मालकांचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. पुढे हे कोण चालवील, याचे उत्तर मालकांपाशी नाही. देवळे बांधणाऱ्यांची नावे शिलालेखांवर राहतात, रोज शिजवणाऱ्यांची नावे कोठेच कोरली जात नाहीत. म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की आपापल्या गावी अशी एखादी खानावळ असेल तर तेथे जात असावे, आणि उठताना आत वाकून “आमटी उत्तम झाली” असे आवर्जून सांगावे. त्यांच्या दक्षिणेचा निम्मा भाग त्या शब्दांत असतो.