मशिदीची दिवाबत्ती आणि आमचा प्लॉट

घरासाठी जागा घ्यायची म्हटली की आपल्या माणसांत तीन गोष्टी पाहिल्या जातात. भाव काय, पाणी आहे का आणि मोहल्ला कसा आहे. ही जमीन मुळात कुणाची, हा चौथा प्रश्न आपण वकिलावर सोपवतो आणि मोकळे होतो. आम्हीही त्याच वाटेने निघालो होतो. पण या चौथ्या प्रश्नानेच आम्हाला अडवले, आणि तो प्रश्न केवळ आमचा नाही असे वाटल्यामुळे हे लिहीत आहोत.

नगर शहरालगतच्या एका गावात प्लॉट निघाला होता. आजूबाजूच्या भावापेक्षा तो बराच स्वस्त. शिक्षकाच्या पगारातून भाडे, मुलांची फी आणि अम्मीचे औषधपाणी भागवून जे शिल्लक पडले, त्यात बसणारा तो एकच होता. एजंट म्हणाला, "सर, सातबारा बघून घ्या, कसला बोजा नाही." वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, त्यातही काही निघाले नाही. मात्र भाव एवढा कमी का, हे कुणी नीट सांगेना. म्हणून आम्ही तहसील कचेरीतून जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांनी चष्मा पुसून नकला वाचल्या आणि म्हणाले, "बेटा, ही देवस्थान इनाम वर्ग तीन आहे. गावच्या मशिदीची दिवाबत्ती आणि डागडुजी यासाठी दिलेली."

वर्ग तीन म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. पूर्वीच्या राजवटींनी मंदिरे, मशिदी, दर्गे यांच्या खर्चासाठी जमिनी इनाम दिल्या. इंग्रजांनी १८५२ च्या इनाम कमिशनमार्फत त्यांच्या सनदा तपासल्या. स्वातंत्र्यानंतर बहुतेक इनामे खालसा झाली, पण मुंबई राज्याच्या १९५२ च्या व्यक्तिगत इनाम रद्द करणाऱ्या कायद्याने धार्मिक संस्थांची इनामे वगळली. म्हणजे ती टिकली. टिकली कागदावर. प्रत्यक्षात वहिवाटदाराचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात आले, त्याच्या मुलांची वारसनोंद झाली, नातवांत वाटणी झाली, आणि एखाद्या फेरफारात 'इनाम' हा शब्द गळून पडला. पुढचा सातबारा कोरा दिसू लागला.

याच सुमारास इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका मुलाचा फोन आला. तोही घर घेत होता. त्याचा वकील विचारत होता की चर्चच्या दुरुस्तीचा विमा उतरवायचा का. आम्ही चकित झालो. तिकडे काही जुन्या जमिनींवर गावच्या चर्चचा पूर्वेकडचा भाग, जिथे वेदी असते तो, दुरुस्त करण्याची जबाबदारी शेकडो वर्षांपासून चिकटलेली आहे. जमीन जो घेईल, त्याच्याकडे ती जबाबदारीही जाते. वॉरिकशायरमधील ॲस्टन कँटलो गावच्या एका जोडप्याने हे देणे नाकारले. खटला २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि ते हरले. दुरुस्तीचेच देणे एक लाख ८६ हजार पौंडांवर गेले, कोर्टाचा खर्च वेगळा. त्या धास्तीने लोक थोड्या पौंडांत विमा घेऊ लागले. पुढे कायद्याने चर्चला मुदत दिली. १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत हक्काची नोंद झाली नसेल, तर त्यानंतर मोल देऊन जमीन घेणाऱ्यावर हा भार सहसा येत नाही.

आम्हा दोघांत त्या रात्री हाच विषय निघाला. असा विमा आपल्याकडे मिळाला असता, तर आपण हप्ता भरून प्लॉट घेतला असता का?

कायद्याने पाहिले तर धोका मोठा. मशिदीसाठी कायमची दिलेली जमीन वक्फ ठरू शकते, आणि एकदा वक्फ झालेली मालमत्ता कायम वक्फच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले आहे. २०१३ च्या दुरुस्तीने वक्फ जमिनीची विक्री मुळातच रद्दबातल ठरवली आणि विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. वक्फच्या दाव्याला मुदतीचे बंधन नव्हते. २०२५ च्या दुरुस्तीने ते संरक्षण काढून घेतले. एजंटाने नेमका हाच मुद्दा पुढे केला, "आता जुनी प्रकरणे कोण उकरणार?"

पण आम्हाला त्याचेच वाईट वाटले. हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली तेव्हा ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसात वाटायची नाही, असे ठरले होते. दाव्याची मुदत संपली म्हणून वाकिफची नियत संपते काय? तिकडचा विमा चर्चचे देणे भागवतो. आपल्या इथे असा विमा निघालाच, तर तो फार तर आपले पैसे परत देईल. मशिदीची जमीन मशिदीला देणार नाही.

त्या गावची मशीद आम्ही पाहून आलो. पावसाळ्यात छत गळते, दुरुस्तीसाठी जुम्म्याला चंदा गोळा होतो. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील, कुणी गॅरेजवाले, कुणी हातगाडीवाले, दहा-वीस रुपये टाकतात. ज्या छतासाठी जमीन दिलेली होती, तिचे प्लॉट पडताहेत आणि छतासाठी झोळी फिरते आहे! याच नगरात १५६७ साली उभी राहिलेली दमडी मशीद मजुरांनी एकेक दमडी घालून बांधली, असे सांगतात. त्या गरिबांना सनद कुणी दिली नव्हती. आपल्याला सनदा होत्या, त्या आपण सांभाळल्या नाहीत. आणि विकणारे बहुतेक वेळा परके नसतात, हेही कबूल केले पाहिजे.

प्लॉट आम्ही घेतला नाही. अम्मी म्हणाल्या, "भाड्याच्या घरात नमाज होते ना, मग झाले." नातलग मात्र आजही म्हणतात, तिथे घरे उठली, तुम्हीच मागे राहिलात. ते खरेही आहे. भाडे दरसाल वाढते आणि तसा भाव पुन्हा मिळणार नाही. फेरफारांच्या नकला आम्ही मशिदीच्या विश्वस्तांकडे दिल्या. त्यांतल्या दोघांना ही जमीन मशिदीची होती हेच माहीत नव्हते.

समाजबांधवांना एवढेच सांगणे आहे की तीस वर्षांच्या सर्चवर थांबू नका. जुने फेरफार, गावचा इनामांचा नमुना तीन, वर्ग दोनच्या जमिनींचा नमुना एक-क, शहरात असेल तर मिळकत पत्रिका पाहा. पश्चिम महाराष्ट्रात आपल्या अनेक संस्थांची नोंद जुन्या विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे आहे. राज्याचे वक्फ मंडळ २००२ मध्ये आले. म्हणून दोन्हीकडे चौकशी करावी. आणि प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने आपल्या मशिदीचे, दर्ग्याचे, कब्रस्तानचे सर्व्हे नंबर एका वहीत लिहून ठेवावेत. मोडी वाचणारे चाचा अजून हयात आहेत, तोवर हे काम व्हायला हवे.