ओहोटीच्या वेळेचा राजवाडा

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. त्यानंतर काही तासांनी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास, पाणी सगळ्यात खाली. किनाऱ्यावरच्या माणसांचा हा तोंडी हिशेब. राजेरजवाड्यांचे वाडे दाखवणाऱ्या फेऱ्या इतर शहरांत तिकीटखिडकीच्या वेळेवर चालतात. अलिबागला आंग्र्यांच्या राजधानीची फेरी पंचांगावर चालते. सरखेलांच्या, म्हणजे आरमारप्रमुख आंग्र्यांच्या, दाराशी जायचं तर आजही आधी समुद्राने हो म्हणावं लागतं, आणि मला हे फार योग्य वाटतं.

उलव्याहून अलिबाग फार लांब नाही. पेण, वडखळ, पोयनाड मागे टाकून कार्लेखिंड उतरलं की हवा बदलते. १९८१ पर्यंत आमच्याही पत्त्याखाली ‘जिल्हा कुलाबा’च लिहिलं जायचं. म्हणजे ज्यांच्या वाड्यांकडे पाहुण्यासारखं बघायला निघालो, त्यांच्याच जिल्ह्यातले आम्ही. पण आमच्या उलव्यात भरती-ओहोटीची वेळ आता कुणाला ठाऊक नसते. भरावावर इमारती उभ्या राहिल्या, विमानतळासाठी डोंगर फोडून सपाट केला, नदीचं पात्र वळवलं. खाडीचं पाणी बांधाबाहेर थोपवून आत भात पिकवायचं, उघाडीतून नेमकं किती पाणी सोडायचं ते ठरवायचं, हे इथल्या आगरी शेतकऱ्याचं जन्माचं शास्त्र होतं. गव्हाण-वहाळकडच्या म्हाताऱ्यांपाशी अजून ते असेल. आमच्या सोसायटीत पाणी म्हणजे हेटवण्याचं, नळातून येणारं.

तर पंचमीची सकाळ. आमच्या गटात दहा-बाराजण, आणि पुढे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेले गाईडकाका. “ताई, चपला हातात घ्या, आणि पाणी चढायच्या आत परत फिरायचं हां,” एवढीच सूचना. ओली वाळू घट्ट, मध्येच काळा कातळ, त्यावर कालवांच्या धारदार कडा. काहीजण घोडागाडीने निघाले. चालत जाणाऱ्याला समुद्रातला कुलाबा किल्ला हळूहळू उंच होत जातो, तशी गंमत गाडीत नाही.

कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांत सुरू झालं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पण किल्ल्याला नाव मिळवून दिलं कान्होजी आंग्र्यांनी. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. महादरवाजाच्या दगडात हत्ती, वाघ, मोर कोरलेत. खाऱ्या वाऱ्याने त्यांची नाकं-डोळी झिजलीत, तरी मोराचा तोरा गेलेला नाही.

मी मात्र रेंगाळले ती तटापाशी. बैलाएवढे धोंडे एकावर एक नुसते ठेवलेले, मध्ये चुना नाही. दोन चिऱ्यांमधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत गेला. आत गार, ओलं. एक खेकडा चटकन मागे सरला. काका म्हणाले, चुन्याने गच्च बांधला असता तर लाटेने पाडला असता. फटीत पाणी शिरतं, तिथेच त्याचा जोर मरतो. समुद्राला आत येऊ देऊन समुद्र थोपवायचा! दरबारी शहाणपणाच्या कितीतरी गोष्टी ऐकल्या असतील, पण असं शहाणपण हाताला लागतं ते इथेच.

आत राजवाडा कुठे? नाही. १७८७च्या आगीत आंग्र्यांचा वाडा गेला. पुढे १८४० मध्ये दत्तक नामंजूर करून कंपनीने संस्थान खालसा केलं, आणि १८४२ मध्ये किल्ल्यातल्या इमारतींचं उरलंसुरलं लाकूड लिलावात काढलं. दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावले. सरदारांच्या वैभवाचा असा रोकडा शेवट मला रडगाण्यापेक्षा बरा वाटतो. लाकूड कुणाच्या तरी घराला तुळई झालं असेल. दगडांनी गावाची तहान भागवली.

टिकलं ते गणपतीचं देऊळ. १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. गणेशासोबत शिव, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन, समोर गोड्या पाण्याची पुष्करणी. चारी बाजूंनी खारट, मधोमध गोडं पाणी, म्हणून तर इथे राज्य करता आलं. पुजाऱ्यांनी हातावर तीर्थ दिलं, आम्ही सावलीत टेकलो. फेरीत प्रत्येक ठिकाणी इतिहासच हवा असा आग्रह धरणाऱ्यांना या पंधरा मिनिटांचं काही वाटत नाही. त्यांनी खुशाल बुरूज मोजावेत.

उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. आमच्या गटातल्या पोरांनी लगेच त्यावर हात टेकून ‘आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून फोटो काढले. तोफेवर मात्र यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलंय, आणि साल १८४९. संस्थान बुडून नऊ वर्षं झाली होती. काकांनी ते सांगितलं, पण हळू आवाजात, फोटो काढून झाल्यावर. चांगल्या गाईडला कुणाचा आनंद कधी मोडायचा ते कळतं.

परत येताना पाणी घोट्याला लागलं होतं. गावात शिरलो तो हिराकोट तलावाच्या काठाने. १७२० मध्ये कान्होजींनी हिराकोट बांधला तेव्हा दगड काढून जो खड्डा पडला, त्याचाच हा तलाव झाला, असं सांगतात. कोटात पूर्वी खजिना असे. इंग्रजांच्या काळापासून तिथे तुरुंग आहे, त्यामुळे आपली फेरी भिंतीबाहेरूनच. जिथे मोहरा राखल्या त्या भिंती माणसं राखायला चालल्या, बांधकामात फारसा बदल करावा लागला नाही. पुढे आंग्र्यांचा गावातला वाडा, तोही रस्त्यावरूनच पाहिलेला.

छत्रीबागेत आंग्र्यांच्या समाध्या. कान्होजी ४ जुलै १७२९ला गेले. मग त्यांचे पुत्र सेखोजी, आणि सेखोजींनंतर भावाभावांत फाटाफूट. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे. १७५६ मध्ये विजयदुर्गावर त्यांच्यातल्याच तुळाजींचं आरमार बुडवलं ते इंग्रजांनी, पेशव्यांच्या मदतीने. हे सांगताना काकांचा चेहरा घरातल्या भांडणाबद्दल बोलावं तसा झाला. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार बुडवायला हातभार लावला, हे अलिबागेत कुणी सहज बोलून टाकत नाही.

मग विषय दस्तकावर आला. या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचा परवाना घ्यायचा, त्याचे पैसे मोजायचे. इंग्रज त्यांना चाचा म्हणत ते यावरूनच. आमच्या गटात न्हावाशेव्याला कंटेनर सोडवण्याचं काम करणारे एक गृहस्थ होते. सकाळपासून ते फक्त कंटाळलेले दिसत होते. आता एकदम जागे झाले. “दस्तकाचा दर काय असायचा? मालावर की गलबतावर? कागद कोण तपासायचं?” काकांना इतके बारीक प्रश्न सहसा कुणी विचारत नसावं.

“आणि नाही भरले पैसे तर?”

“तर जहाजच इकडे आणायचे,” काका म्हणाले.

गृहस्थ जरा विचारात पडले. “आमच्याकडे आधी नोटीस येते,” ते म्हणाले, आणि मग सगळ्यांनी जेवायचं कुठे यावर चर्चा सुरू केली.