डब्यातले भजन
1853 साली सुरू झालेल्या बोरीबंदर-ठाणे लोहमार्गावरून आज जी सकाळची लोकल धावते, तिच्यात उभे राहण्यापुरती जागा मिळणेही मुश्कील असताना कचेऱ्यांतले कारकून, शिपाई आणि कारागीर पिशव्यांतून टाळ काढून, पत्र्याच्या भिंतीवरच ठेका धरून नामदेव-तुकोबांचे अभंग आळवू लागतात, आणि ज्याला मराठी क्वचितच उमगते असा परप्रांतीय सहप्रवासीही ध्रुवपदाला टाळी देऊ लागतो, हे पाहून माझे चित्त प्रसन्न होते. देवळाच्या सभामंडपात श्रोता आपण होऊन येतो. येथे गायनच त्याच्यापुढे हजर होते. रात्रपाळी करून आलेल्याचा निद्रेचा हक्क मला निःसंशय मान्य आहे. त्याच्यासाठी बुवांनी स्वर अवश्य खाली आणावा, परंतु या भजनाला सरसकट मनाई करावी, हे मला मुळीच पटत नाही.