दुसऱ्याच्या नावाची वाटी

माय गेल्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी बहिणी मुकुंदवाडीच्या खोलीत भांडी वाटून घ्यायला बसलो. एकेक भांडं खिडकीच्या उजेडात तिरकं धरायचं, त्यावरचं नाव वाचायचं आणि आपापल्या ढिगात ठेवायचं. तासाभराने धाकटी हसायला लागली. चौदा वाट्यांपैकी पाच आमच्या नव्हत्याच. एकीवर गल्लीतल्या जालनेवाल्या मावशीच्या सासऱ्यांचं नाव, तारीख आणि खाली ‘औरंगाबाद’. 2023 साली शहराचं नाव कागदोपत्री बदललं. वाटीवरचं कोण खोडणार?

या वाट्या कुणी चोरल्या नव्हत्या आणि विसरल्याही नव्हत्या. त्या फिरतीवर होत्या. साखर, चहापत्ती, बेसन, गोडंतेल, जे संपलं असेल ते वाटीभर उसनं आणायचं. घेताना सपाट आणि देताना शीग लावून, हा मायचा नियम. दुसरा नियम असा, की वाटी रिकामी परत जाता कामा नये. घरात काहीच नसलं तर चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, कधी नुसता लिंबू. मग समोरच्या घरीही तीच पंचाईत व्हायची, आता ही रिकामी कशी पाठवायची? म्हणून हिशेब कधी मिटायचाच नाही. मिटावा असं कुणाला वाटतही नसावं.

आमचे वडील, म्हणजे दादा, बहात्तरच्या दुष्काळात पैठण तालुक्यातून शहरात आले. गावाकडे आज्याने त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि पोरांनी सुकडी खाल्ली. मोठे काका दोन एकरांवर राहिले आणि दादा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लागले. पुढे दरसाल ज्वारीची रास झाली की एसटीच्या टपावरून एक पोतं यायचं. त्या पोत्याचे पैसे कुणी कधी विचारले नाहीत. पण काकांची दोन्ही पोरं एकामागून एक कॉलेजला आली ती आमच्याच दहा बाय बाराच्या खोलीत. ती दिव्याखाली अभ्यासाला बसली की आम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचो. कोण कुणाला पोसत होतं, हे मला अजून नीट सांगता यायचं नाही.

एके वर्षी दादांच्या कंपनीला टाळं लागलं, ते सात महिने. त्या सात महिन्यांची माझी आठवण म्हणजे भिशी. गल्लीतल्या बारा बाया, प्रत्येकीचे पन्नास रुपये, पगार झाल्यावर दहा तारखेला. डालड्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि एखाद्या लेकराकडून एक काढायची. त्या महिन्यात लेकरू मीच होते. चिठ्ठी निघाली जालनेवाल्या मावशीची. तिच्या छपराचे पत्रे गंजून चाळण झाले होते आणि पाऊस तोंडावर होता. सहाशे रुपये तिने हातात घेतले, मोजले आणि मायच्या ओट्यात टाकले. “माझं काय गं, तुझा नंबर लागला की मी घेईन.” बास, एवढंच बोलली. पुढे मायचा नंबर दिवाळीला लागला. तोवरचा सगळा पावसाळा मावशीच्या घरात गळतीखाली पातेली मांडलेली असायची. त्यातली दोन आमची होती.

हे लिहिताना सगळंच गोड होऊन जातं. तसं ते नव्हतं. वाटी घेऊन जायला माय मलाच पाठवायची आणि स्वतः दाराआड उभी राहायची. लाज पोराच्या हातात देण्याची ही युक्ती मी कितीतरी वर्षं तिला माफ केली नव्हती. वाटी देणारीला आपल्या घरात काय संपलंय ते कळायचं, आणि तिला कळलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळायचं. शिवाय वाटीला जात नव्हती असंही नाही. काही घरांशी कोरडं चालायचं, पीठ, डाळ, साखर. शिजलेलं चालायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, कालवण सांडतं म्हणून.

नळाला पाणी आलेलं नसलं, की हंड्यांनाही वाटीचाच कायदा लागू व्हायचा. 2019 च्या उन्हाळ्यात मुकुंदवाडीची लेकरं रेल्वेने मोठ्या स्टेशनवर जाऊन पाण्याचे कॅन भरून आणत होती; पेपरात फोटो आले तेव्हा लोक हळहळले. मला त्या फोटोत दुसरंच दिसलं. डब्यातून कॅन उतरवून घ्यायला खाली उभे असलेले हात.

घाटी दवाखान्यात दादा अठरा दिवस होते. सकाळचा डबा कुणाचा, रात्री खाटेजवळ कोण, हे कुणीही लिहून ठेवलं नव्हतं, तरी एकाही जेवणाला खाडा झाला नाही. अशा ठिकाणी ज्याचं कुणी येत नाही, त्याचं काय? 2015 साली बायजीपुऱ्यात रोटी बँक सुरू झाली. कुणी दोन पोळ्या आणि भाजी ठेवून जायचं, लागेल त्याने न्यायचं, ना देणारा दिसत ना घेणारा. आधी मला ते परकं वाटलं, नाव नसलेल्या भांड्यासारखं. मग दाराआड उभी राहणारी माय आठवली. तेव्हा तिला ते आवडलं असतं.

आणि 8 मे 2020. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली मध्य प्रदेशातली माणसं रुळाच्या कडेने घराकडे निघाली होती. करमाडजवळ थकून रुळावरच झोपली आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर पोळ्या पडलेल्या होत्या. काम जालन्यात होतं, पण ज्या दारात हक्काने वाटी घेऊन जावं ती दारं शेकडो कोस लांब, उमरिया-शहडोलकडे. त्या दिवशी माय दिवसभर चुलीपाशी गेली नाही.

तर त्या पाच वाट्या. धाकटी म्हणाली, ज्याच्या त्याला देऊन टाकू. तीन घरं गल्ली सोडून गेलेली, एकीवरचं नाव झिजून गेलेलं. उरली ती मी साखरेने भरली, शीग लावली आणि जालनेवाल्या मावशीकडे घेऊन गेले. मावशीला आता नीट दिसत नाही. तिने कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, साखर पदरात ओतून घेतली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

“ने परत. तुझ्या मायचं एक पातेलं आहे माझ्याकडं अजून.”